पार्ट बंद झालाय की नुसता नंबर?

पत्र (थोडं कापून देतोय): "नमस्कार दादा, बाबांची १९९९ ची रेंज रोव्हर आहे, ४.६ पेट्रोल ऑटोमॅटिक, पी३८ म्हणतात ती. बाबा आता चालवत नाहीत म्हणून माझ्याकडे आलीये. रात्री नीट उभी केली तरी सकाळी खाली बसलेली असते आणि डॅशबोर्डवर ईएएस (एअर सस्पेन्शन) फॉल्ट येतं. चार दिवस हलवली नाही की बॅटरी डाऊन. एसीच्या डिस्प्लेच्या अर्ध्या रेघा गायब आणि पुस्तकाचं चिन्ह कायम लागलेलं. तीन मेकॅनिकना दाखवली, तिघांचं एकच, पार्ट बंद झालेत. एक म्हणतो एअर सस्पेन्शन काढून साध्या स्प्रिंगा टाका, दुसरा म्हणतो बीईसीएम म्हणजे इलेक्ट्रिकलचा डबा गेलाय, सेकंडहँड मिळाला तर बघू, तिसरा म्हणतो अशीच एखादी मेलेली गाडी घ्या आणि तिचे पार्ट काढा. भाऊ म्हणतो भंगारात दे. मला देववत नाही. काय करू?"

ताई, पत्र वाचून आधी हसू आलं, राग मानू नका. तिघांनी उपाय तीन सांगितले आणि कारण मात्र एकच, पार्ट बंद झालेत. कुठला पार्ट, नंबर काय, हे तिघांपैकी एकाने तरी कागदावर लिहून दिलं का? तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एकही पार्ट नंबर नाही म्हणजे नसणारच. आणि नंबर न बघता पार्ट बंद झालाय हे कसं कळलं ते त्यांनाच ठाऊक.

बंद झालाय म्हणजे नक्की काय झालंय हे आधी विचारत चला. कधी कंपनीने तो नंबर काढून दुसरा दिलेला असतो, म्हणजे पार्ट आहे, फक्त नाव बदललंय. कधी कंपनीच्या डब्यात यायचा बंद झालेला असतो पण ज्याने मुळात बनवला तो स्वतःच्या डब्यात अजून विकत असतो. कधी पूर्ण असेंब्ली बंद असते आणि तिच्या आतला जो चाराण्याचा रबर गेलेला असतो तो कुठेही मिळतो. आणि कधी खरंच, अगदी खरंच, जगात नवीन शिल्लक नसतो. माझा अनुभव असा की हा शेवटचा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरवर बघितलं, लाल अक्षरं आली, त्याने मान हलवली, संपलं. त्याच्याकरता ते उत्तर बरोबरच आहे हो, तुमच्याकरता ती सुरुवात आहे.

पण पार्ट शोधायच्या आधी कुठला पार्ट गेलाय ते तरी कळूदे. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं व्हायचं, आणि या गाडीच्या बाबतीत ते नेहमीच होतं.

एअर सस्पेन्शनचं बघू. चार कोपऱ्यांवर चार रबरी एअर स्प्रिंग, बॉनेटखाली एका बॉक्समध्ये कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक, चेसिसला हवेची टाकी, मध्ये एक ड्रायर, आणि सगळीकडे नायलॉनच्या बारीक नळ्या. गाडी रात्री खाली बसते म्हणजे हवा कुठून तरी जातेय एवढंच कळलं, कुठून ते नाही कळलं. आणि यात एक गंमत आहे जी पुष्कळ मेकॅनिकना माहीत नसते. ही गाडी बंद असतानाही दर काही तासांनी आपली आपण जागी होते, चारही कोपऱ्यांची उंची बघते आणि जो कोपरा सगळ्यात खाली गेलाय त्याच्या बरोबरीला बाकीचे तीन आणून ठेवते. म्हणजे लीक एका कोपऱ्यात असला तरी सकाळी चारही कोपरे बसलेले. मग मेकॅनिक म्हणणार चारही स्प्रिंग गेल्या, चारही बंद झाल्यात, साध्या स्प्रिंगा टाका. तर पुढच्या सीटखाली त्या कामाचा एक टायमर रिले असतो, तो चावी बंद असताना काढून ठेवा, मग रात्री टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, लिहून ठेवा, सकाळी परत मोजा. आता जो कोपरा खाली आलाय तोच खरा गुन्हेगार. एकच कोपरा खाली आला तर त्या कोपऱ्याची स्प्रिंग, तिची नळी नाहीतर व्हॉल्व्ह ब्लॉकमधला त्याच कोपऱ्याचा व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे दिसतात. स्प्रिंगचा रबर जिथे दुमडतो तिथे भेगा असतात, गाडी वरच्या उंचीवर असताना त्या जास्त स्पष्ट दिसतात. आणि हे अगदी नीट ऐका, हवेच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका, ही गाडी न सांगता खाली येते, चेसिसखाली घोडे (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय काहीही नाही.

लीक आधी आणि कॉम्प्रेसर नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. हवा गळत राहिली की कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो, त्याच्या पिस्टनवरची टेफ्लॉनची सील झिजते, तो तापतो, थकतो, प्रेशर वेळेत भरत नाही म्हणून ईसीयू, म्हणजे सिस्टिम सांभाळणारा कॉम्प्युटर, फॉल्ट टाकतो आणि मग कोणीतरी म्हणतं कॉम्प्रेसर गेला. नवीन कॉम्प्रेसर आणून लावला आणि लीक तसाच ठेवला तर तोही जाणार. आता या तिन्ही गोष्टी बघा. कॉम्प्रेसरची सील किट म्हणून मिळते. व्हॉल्व्ह ब्लॉकमधले ओ-रिंग आणि डायफ्रॅम किट म्हणून मिळतात, कारण जगभर या गाडीवाल्यांना हाच त्रास झालाय आणि जिथे इतक्या लोकांना एकच त्रास असतो तिथे किट बनवणारा कोणीतरी निघतोच. एअर स्प्रिंग तर बाहेरच्या चांगल्या मेकच्या मिळतात. म्हणजे ज्या सिस्टिमचे पार्ट बंद म्हणून तुम्हाला काढून टाकायला सांगितली तिचे मिळायला सगळ्यात सोपे पार्ट हेच आहेत! एक सांगतो, एअर स्प्रिंग अगदीच स्वस्तातली घेऊ नका, आणि त्याच ॲक्सलची जोडी एकदम बदला.

बॅटरीचं. तुम्ही म्हणता चौथ्या दिवशी डाऊन. साधं गणित करू. या गाडीचा बीईसीएम, म्हणजे बॉडीचं सगळं इलेक्ट्रिकल सांभाळणारा डबा, लॉक केल्यावर थोड्या वेळात झोपतो आणि मग करंट ३०-४० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, म्हणजे दिवसाला साधारण १ अँपिअर-तास, त्याने चांगली बॅटरी चार दिवसात मरत नाही. पण तो डबा झोपलाच नाही आणि १ अँपिअर खात राहिला तर दिवसाला २४, तीन दिवसांत ७२, चौथ्या दिवशी स्टार्टर नुसता टक्क करणार. म्हणजे तुमचा डबा बहुतेक मेलेला नाही, जागा राहतोय! आणि तो जागा राहायचं या मॉडेलचं जुनं, प्रसिद्ध कारण म्हणजे रिमोटचा रेडिओ रिसीव्हर. रिमोट ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, देशाप्रमाणे ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झ, त्याच फ्रिक्वेन्सीवर आता दुनियाभराची खेळणी, बेल, गेटचे रिमोट बोलत असतात, प्रत्येक सिग्नलला रिसीव्हर डब्याला उठवतो, डबा बघतो की आपलं काही काम नाही, परत झोपायला जातो, तोवर पुढचा सिग्नल. कंपनीने नंतर सुधारलेला रिसीव्हर काढला होता. तो मिळेपर्यंत मागच्या बाजूच्या काचेजवळच्या ट्रिमच्या आत जो रिसीव्हर आहे त्याचा प्लग काढून आठवडाभर गाडी चावीने लॉक करून बघा. बॅटरी टिकली तर उत्तर मिळालं आणि एक नवा पार्ट आणायची गरज पडली नाही.

सेकंडहँड बीईसीएमचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, घेऊ नका. निदान आत्ता नको. त्या डब्यात दुसऱ्या गाडीची चावी, दुसऱ्या गाडीचं मायलेज, दुसऱ्या गाडीचा इमर्जन्सी कोड असं सगळं असतं, आणि इंजिनचा ईसीयू तुमच्या डब्याला ओळखतो, त्याला नाही. लावलात की डॅशबोर्डवर इंजिन डिसेबल्ड आणि मग उभी गाडी ओढून न्यायची वेळ. तुमचाच डबा खरंच बिघडला असेल तर आतले रिले जळलेले असतात, मोठ्या करंटचे ट्रॅक गेलेले असतात, पाणी गेलेलं असतं, हे बोर्ड रिपेअर करणारा चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला करू शकतो, आणि कोडिंगचा प्रश्नच येत नाही कारण मेमरी तुमचीच राहते. जुन्या गाडीत कोडिंग असलेली कुठलीही वस्तू, मग ती कुठल्याही कंपनीची का असेना, आधी रिपेअर, मग डोनर, म्हणजे पार्ट काढायला घेतलेली दुसरी गाडी, हा माझा नियम आहे. आणि बाबांच्या कागदांत चार आकडी इकेए कोडची, म्हणजे त्या इमर्जन्सी कोडची, चिठ्ठी शोधा, चावीचा रिमोट रुसला की ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात चावी फिरवून तो कोड टाकावा लागतो. ती चिठ्ठी कुठल्याही पार्टपेक्षा मोलाची आहे, ती हरवलेले लोक मी रडताना बघितलेत.

आता खऱ्या शोधाकडे येऊ, म्हणजे एखादा पार्ट नक्की गेलाय हे कळल्यावर काय करायचं.

पहिलं काम, व्हीआयएन. १७ अक्षरांचा चेसिस नंबर, काचेखाली नाहीतर पुढच्या प्लेटवर. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं. तुमचं एक्स असेल तर १९९९ चं मॉडेल, डब्ल्यू असेल तर १९९८ चं, आणि हा फरक तुमच्या बाबतीत जिवावरचा आहे, कारण १९९९ च्या मॉडेलपासून या गाडीचं इंजिन मॅनेजमेंट बदललं. आधी जेम्स नावाची सिस्टिम होती, नंतर बॉशची मोट्रॉनिक, लोक तिला थॉर म्हणतात. बॉनेट उघडून बघा, इंजिनवर केळ्याच्या घडासारखे वळलेले पाइप असतील तर थॉर, नुसता चपटा डबा असेल तर जेम्स. रजिस्ट्रेशन १९९९ चं आहे एवढ्यावर जाऊ नका, शोरूममध्ये वर्षभर पडून राहिलेल्या गाड्या असतात. हे मी ऐटीत सांगतोय पण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. माझी जेम्सवाली होती, एअर फ्लो मीटर गेला, एका विक्रेत्याकडे फोटो बघून "पी३८ ४.६ करता" असं लिहिलेला मागवला, महिनाभर वाट बघितली, डबा उघडला तर प्लगच वेगळा, थॉरचा होता. विक्रेता म्हणाला तुम्ही व्हीआयएन दिला नव्हता. बरोबर होतं त्याचं. तो मीटर अजून माझ्या कपाटात आहे.

दुसरं, त्या पार्टचा कंपनीचा नंबर पार्ट्स कॅटलॉगमधून काढा, व्हीआयएन टाकून, चित्रावर बोट ठेवून. या गाडीच्या काळातले नंबर तीन अक्षरं आणि पुढे आकडे असे असतात, एसटीसी, ईआरआर, एएनआर वगैरे, आणि नंतरच्या काळातले एलआर आणि सहा आकडे. या गाडीचं नशीब बघा, १९९४ ला बाजारात आली तेव्हा बीएमडब्ल्यूने नुकतीच रोव्हर घेतली होती, २००० मध्ये लँड रोव्हर फोर्डकडे गेली, २००१ ला हे मॉडेल बंद झालं, २००८ ला कंपनी टाटांकडे आली. मालक बदलले, नंबर लिहायची पद्धत बदलली, एकाच वस्तूचे दोन दोन तीन तीन नंबर झाले. म्हणून जुन्याला कुठला नंबर लागू झाला, त्याला पुढे कुठला, ही साखळी पूर्ण लिहून काढा. आणि मग, हे कोणी सांगत नाही, साखळीतल्या मेलेल्या नंबरांनीही शोधा. एखाद्या दुकानदाराच्या फळीवर वीस वर्षं तोच डबा पडलेला असतो, त्याने नंबर कधी अपडेट केलेला नसतो, नवीन नंबर विचारला तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो, जुना विचारला तर हो म्हणतो. ऑनलाइन शोधताना नंबर स्पेस देऊन, न देऊन, डॅश देऊन असा सगळ्या तऱ्हेने टाका. वस्तूची नावंही बदलून बघा, ब्रिटिश जिला बॉनेट म्हणतात तिला अमेरिकन हूड म्हणतात, विंगला फेंडर, विंडस्क्रीनला विंडशील्ड. एका नावाने शून्य रिझल्ट आणि दुसऱ्या नावाने सहा, असं माझ्यासमोर झालंय.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. गाडीच्या नावाने शोधू नका, बनवणाऱ्याच्या नावाने शोधा. रेंज रोव्हर लिहिलेल्या डब्यातली अर्धी वस्तू रेंज रोव्हरवाल्यांनी बनवलेलीच नसते. तुमचा गिअरबॉक्स झेडएफचा आहे, ४.६ ला ४एचपी२४, तो जग्वार आणि ऑडीतही होता, त्याचा धाकटा भाऊ ४एचपी२२ व्होल्व्होत, बीएमडब्ल्यूत, प्यूजोत. बॉक्सच्या अंगावरच्या प्लेटवर झेडएफचा नंबर असतो, तो घेऊन गिअरबॉक्सवाल्याकडे जा, गाडीचं नावच काढू नका, नाव काढलंत की तो घाबरतो. एबीएस वाबकोचं. सेन्सर, इंजेक्टर थॉरमध्ये पुष्कळसे बॉशचे, बॉशचा दहा आकडी नंबर पार्टवरच छापलेला असतो, शून्याने सुरू होणारा, तो साफ करून फोटो काढा. शिवाय थॉरचं ४.० व्ही८ इंजिन २००४ पर्यंत डिस्कव्हरी २ मध्येही होतं, ती गाडी जास्त खपली, तिचे इंजिनचे पार्ट जास्त मिळतात, नंबर जुळला की झालं. (डिझेल पी३८ वाले वाचत असतील तर तुमचं इंजिन बीएमडब्ल्यूचं एम५१ आहे, तेच बीएमडब्ल्यूच्या ३२५ आणि ५२५ टीडीएसमध्ये होतं, ओपेल ओमेगातही होतं, तुम्ही तर लँड रोव्हरच्या काउंटरवर इंजिनकरता उभंच राहू नका.)

आणि काही वस्तूंना तर गाडीच नसते. बेअरिंगवरचा नंबर वाचा, ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४, मग ते रेंज रोव्हरमध्ये असो की पाण्याच्या पंपात. ऑइल सीलवर आत बाहेर जाडी अशी तीन मापं असतात. बेल्टवर ६पीके आणि पुढे आकडा म्हणजे लांबीच्या दिशेने सहा धारा आणि तेवढे मिमी लांबी. चौकोनी रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ लिहिलेलं असेल तर पिनांचा अर्थ जगभर तोच, फक्त पिनांच्या जागा, अँपिअर आणि आत डायोड किंवा रेझिस्टर आहे का ते बघून घ्या. ओ-रिंगचं माप आतला व्यास आणि जाडी, एवढंच, फक्त मटेरियल बरोबर घ्या, इंधन आणि जास्त गरमी असेल तिथे व्हायटॉन, हवेला साधा नायट्राइल चालतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार, हार्डवेअरच्या दुकानात असलेली वस्तू लोक सातासमुद्रापलीकडून मागवतात.

एसीच्या डिस्प्लेला तर नवीन पार्टच नको. त्या काचेला बोर्डाशी जोडणारी रिबन चिकटवलेली असते, वर्षानुवर्षं तापून गोंद सुटतो आणि रेघा जातात, ती परत दाबून चिकटवणारे इलेक्ट्रॉनिक्सवाले असतात. पुस्तकाचं चिन्ह म्हणजे सिस्टिमने फॉल्ट नोंदवून ठेवलाय, आणि या गाडीत संशय पहिल्यांदा ब्लेंड मोटरांवर जातो, तीन असतात, डावी, उजवी आणि हवा वर खाली वाटणारी. पण आधी फॉल्ट वाचून घ्या, नॅनोकॉमसारखं या गाडीची भाषा येणारं मशीन लागेल, साधा ओबीडी स्कॅनर इंजिनपुरतं बोलतो, एसी आणि सस्पेन्शनपर्यंत पोचतच नाही. मोटर निघाली तरी पुष्कळदा ती मेलेली नसते, तिच्या आतला पोझिशन सांगणारा पोटेन्शिओमीटर मळलेला असतो, उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला की चालते. डॅशबोर्ड उघडायला लागतो, कटकट आहे, पण पार्ट बंद आहे ही अडचण इथे नाहीच.

जुना नवीन माल, म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा पण न वापरलेला सीलबंद डबा, तो मिळाला की लोकांना लॉटरी लागल्यासारखं होतं. धातूचा असेल, काच असेल, लाइटची असेंब्ली असेल, तर घ्याच. रबर असेल तर नको! रबर डब्यात पडल्या पडल्याही म्हातारा होतो, वीस वर्षांची सीलबंद एअर स्प्रिंग लवकर भेगाळू शकते, ब्रेकचा होज तर विचारूच नका. ब्रेक, स्टीअरिंग, सीटबेल्ट, एअरबॅग यातलं काही सेकंडहँड घ्यायचं नाही, मग ते बंद झालेलं असो नाहीतर नसो. तुमच्या एबीएसवर जो काळा गोळा आहे, ॲक्युम्युलेटर, त्यात नायट्रोजन भरलेला असतो आणि तो हळूहळू जातो, ब्रेकला दोन-तीनदा हात लावला, म्हणजे पाय लावला, की पंप लगेच घरघरायला लागतो का बघा. लागत असेल तर तो नवीनच. सेकंडहँड काय घ्यावं तर ट्रिम, काचा, स्विच, दाराचे हँडल, लाइट, सीटच्या फ्रेम. घेताना विक्रेत्याला सांगा की त्या वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो काढ, आणि पार्टवरचा नंबर दिसूदे. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे वस्तू नाहीये.

प्लॅस्टिकचे बारीक क्लिप, गिअर, सनरूफच्या सरकपट्ट्या यांच्याकरता थ्रीडी प्रिंटिंग चांगलं चालतं, नायलॉन किंवा एएसए वापरायला सांगा, पीएलए उन्हात उभ्या गाडीत मेणासारखं वाकतं. तुटलेला तुकडा फेकून देऊ नका, त्यावरूनच माप घ्यावं लागतं. मोठ्या कंपन्याही हेच करतात, पोर्शेने २०१८ मध्ये सांगितलं की ९५९ च्या क्लचचा रिलीज लिव्हर ते लेझरने धातूची पावडर वितळवून बनवतात, कारण ती गाडीच ३०० च्या आत बनली होती, साचा काढणं परवडत नाही. टोयोटाने २०२१ मध्ये जुन्या लँड क्रूझर ४० चे पार्ट परत बनवायचं जाहीर केलं. लँड रोव्हरचाही जुन्या गाड्यांचा क्लासिक विभाग आहे, तिथे व्हीआयएन आणि नंबर घेऊन विचारून ठेवा, आज नसलेली वस्तू पुढच्या बॅचमध्ये येऊ शकते, मागणी नोंदवणारे जेवढे जास्त तेवढी शक्यता जास्त.

डोनर गाडीबद्दल. हा सल्ला वाईट नाही, घाईचा आहे. तुमच्या यादीत आत्ता ज्या तीन तक्रारी आहेत त्यातली एकही डोनरने सुटत नाही, कारण तिच्या एअर स्प्रिंग तेवढ्याच म्हाताऱ्या, तिचा डिस्प्ले तेवढाच तापलेला आणि तिचा बीईसीएम तुम्हाला चालणार नाही. डोनर घ्यायची तर बॉडी, काचा, इंटिरिअरकरता घ्या, तुमची थॉर निघाली तर थॉरचीच, जेम्स निघाली तर जेम्सचीच घ्या, स्टीअरिंग ज्या बाजूला तुमचं त्याच बाजूचं, आतला रंग जुळणारा, आणि ठेवायला झाकलेली जागा असेल तरच. उघड्यावर ठेवलेली डोनर दोन पावसाळ्यांत भंगार होते आणि मग भावाला दोन गाड्यांबद्दल बोलायला मिळतं.

साध्या स्प्रिंगांचा पर्याय मी अगदीच वाईट म्हणणार नाही. लोकांनी टाकल्यात, गाड्या चालतात. पण ही गाडी हवेवर जशी चालते ती चाल जाते, उंची कमीजास्त करणं जातं, मागे सामान भरलं की ती मागून बसते. एवढी मापं घेऊन, किट टाकूनही वर्षभरात परत परत त्रास झाला आणि तुम्हाला रोज वापरायचीच असेल तर टाका, फक्त काढलेली सिस्टिम विकू नका, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक, सेन्सर, ईसीयू सगळं लेबल लावून खोक्यात ठेवा. आज कोणाला तरी फुकट दिलेला व्हॉल्व्ह ब्लॉक पाच वर्षांनी तुम्हीच शोधत बसाल.

तर आज टायमर काढा, रात्री चार मापं, सकाळी चार मापं. रिसीव्हरचा प्लग काढून आठवडा. बॉनेट उघडून इंजिनचा एक फोटो, व्हीआयएनची शेवटची आठ अक्षरं, आणि जो कोपरा खाली आला त्याच्या स्प्रिंगवरचा छापलेला नंबर, पुसून, उजेडात. हे सगळं एकाच पत्रात पाठवा म्हणजे पुढच्या वेळी नंबरानिशी बोलू. बाबांना त्या चार आकडी कोडच्या चिठ्ठीबद्दल मात्र आजच विचारा.